खिळे, गोळी आणि पडदा

दिवाळी अंकात जुगाराविषयी लिहायला संकोच वाटण्याचे कारण नाही. बलिप्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, आणि वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती फाशांचा खेळ मांडून बसली आहेत ती काही कोणी चोरून कोरलेली नाहीत. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तापासून जुगाऱ्याचे दुःख हा वाङ्मयाचा मान्य विषय आहे. मला मात्र आज जुगाराविषयी लिहायचे नसून जुगाराच्या चित्राविषयी लिहायचे आहे. जपानात पाचिंको नावाचे एक यंत्र आहे, आणि त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे व्हिडिओ गेम तिथे १९८५ पासून निघत आले आहेत. यंत्रावर खरे पैसे जातात. गेममध्ये जातात ते खोटे. म्हणजे जुगारातून पैसा तेवढा काढून घेतला आणि बाकीचे सारे जसेच्या तसे ठेवले. मी हे गेम पडद्यावर लावून बसलेला असताना आमच्या घरातून विचारणा झाली, "मग यात जिंकलं की मिळतं काय?" प्रश्न गृहिणीचा असला तरी टीकाकाराने विचारावा असाच आहे. पैसा काढून घेतल्यावर जे उरते त्याला खेळ म्हणायचे का? आणि म्हणायचे, तर त्याची गोडी नेमकी कशात आहे?

ज्यांनी पाचिंकोचे यंत्र पाहिलेले नाही त्यांनी आपल्या लहानपणीचे बॅगाटेल आठवावे. मे महिन्याच्या सुट्टीत भावंडांची भांडणे लावणारी ती उतरती लाकडी फळी, तिचा अर्धगोल माथा, खिळ्यांची कुंपणे, त्यांच्या आत लिहिलेले आकडे, आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दांडा. ही फळी भिंतीला टेकवून उभी करा, पुढे काच लावा, काचेच्या गोट्यांऐवजी पोलादी गोळ्या घाला, की पाचिंको तयार झाले. हे नाते नुसते दिसण्यातले नाही. बॅगाटेलचाच एक प्रकार १९२० च्या दशकात जपानात मुलांचा खेळ म्हणून रुजला आणि त्यातूनच हे यंत्र वाढले. नावही मुलांच्याच भाषेतले आहे. काहीतरी पटकन सुटल्याचा जो आवाज, तो जपानी कानाला 'पाचि' असा ऐकू येतो. आपल्या बेचकीलाही ते लोक पाचिंकोच म्हणतात.

महायुद्धानंतर बेचिराख झालेल्या नागोया शहरात या खेळाने जोर धरला. तिथल्या मासामुरा ताकेइचि या गृहस्थाने १९४०च्या दशकाच्या अखेरीस खिळ्यांची जी मांडणी बसवली, तिने या खेळाचे रूप ठरवून टाकले. त्याआधी खिळे सरळ ओळींत असत आणि गोळी टपटप खाली येई. मासामुराने खिळ्यांचे झुबके केले, वाटा केल्या, कडे केले. गोळीला अडखळायला, वळायला, आता पडते की मग पडते असे वाटायला जागा मिळाली. एका माणसाने खिळे निराळे ठोकले आणि एका देशाची संध्याकाळ बदलली, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पैशाचा व्यवहार तेवढा सांगून टाकतो. गोळी अकरा मिलिमीटर व्यासाची, वजन सुमारे साडेपाच ग्रॅम. ती विकत मिळत नाही, वापरायला मिळते; नेहमीचा दर एका गोळीला ४ येन. जिंकलेल्या गोळ्या मोजून वस्तू घ्यायच्या. रोख जुगाराला कायद्याची बंदी आहे, म्हणून जाणते लोक प्लॅस्टिकच्या डबीतला सोन्याचा लहानसा तुकडा घेतात, आणि बाहेर पडून जवळच्याच एका बुटक्या खिडकीत तो विकून नोटा घेतात. खिडकीतल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. दुकान वेगळे, खिडकी वेगळी, तिथून तुकडे घेऊन पुन्हा दुकानाला पुरवणारा ठोक व्यापारी तिसराच. तिघेही कायद्याच्या कक्षेत. आपल्याकडे सोवळ्यातला माणूस ओवळ्या वस्तूला हात न लावता जसा सारा व्यवहार उरकतो, तसेच हे.

पण यंत्राचा आत्मा पैशात नाही, खिळ्यांत आहे. आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. फळीवर शेकडो पितळी खिळे असतात. फळीच्या मधोमध, खालच्या बाजूला, मुख्य भोक. त्याला खेळणारे लोक 'हेसो' म्हणतात, म्हणजे बेंबी. आणि या बेंबीच्या दोन्ही अंगांना वर जे दोन खिळे उभे असतात त्यांना म्हणतात 'इनोचि-कुगि' — जीवखिळे. या दोन खिळ्यांतले अंतर गोळीच्या व्यासापेक्षा मिलिमीटर-दोन मिलिमीटरच जास्त. ते केसभर वाढले की गोळ्या भराभर आत जातात. केसभर कमी झाले की काठावर आपटून निसटतात. दुकान बंद झाल्यावर हाती लहानशी हातोडी घेऊन हे खिळे वाकवणारा एक कारागीर असे, त्याला 'कुगिशि' म्हणत. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाच्या 'टोक्यो-गा' या १९८५ च्या चित्रपटात हा कारागीर रात्री यंत्रे उघडून, खिळ्यांवर टिचक्या मारत, एकटाच काम करताना दिसतो. दिवसा शंभर माणसे ज्या नशिबाशी झगडली ते नशीब रात्री एक माणूस हातोडीने जुळवतो आहे, हे दृश्य मला कोणत्याही शोकांतिकेच्या तोडीचे वाटते.

ओझूच्या १९५२ च्या एका चित्रपटात पाचिंकोचे दुकान येते. दुकानाचा मालक हा नायकाचा युद्धातला सोबती आहे, आणि अशा गोष्टी लोकांना आवडाव्यात हे काही चांगले लक्षण नव्हे, असे तो स्वतःच म्हणतो. रोलाँ बार्त या फ्रेंच टीकाकाराने १९७० साली जपानवर जे पुस्तक लिहिले त्यात तर या यंत्राला एक प्रकरणच दिले. त्याचे निरीक्षण मार्मिक आहे. पश्चिमेकडच्या पिनबॉलमध्ये चेंडू सुटल्यावरही त्याला ढकलता येते, सावरता येते. पाचिंकोत तसे नाही; अंगठ्याने दांडा सोडला तो सोडला. कुंचल्याचा एकच फटका, तो पुसता येत नाही, असे त्याने म्हटले.

बार्तचे पुस्तक निघाले आणि थोड्याच वर्षांत त्याचा आधार निखळला. विजेवर चालणारी मूठ आली. आता एकेक गोळी अंगठ्याने सोडायची नाही. मूठ हव्या त्या कोनात फिरवून धरली, की मिनिटाला शंभरापर्यंत गोळ्या आपोआप सुटतात. काही जण तर मुठीच्या फटीत नाणे अडकवत आणि हात मोकळा ठेवून सिगरेट ओढत. मग १९८० मध्ये सांक्यो कंपनीचे 'फीव्हर' हे यंत्र आले. त्याच्या पोटात आकड्यांची तीन चाके होती. गोळी बेंबीत पडली की चाके फिरत, आणि तिन्ही आकडे जुळले की यंत्राला ताप चढे. खालचे मोठे दार उघडे आणि गोळ्यांचा पाऊस पडे. पुढे चाकांच्या जागी पडदा आला, पडद्यावर चित्रे आली, आणि आजची घडी बसली. ती घडी अशी. गोळी बेंबीत शिरते त्याच क्षणी आतली इलेक्ट्रॉनिक करामत एक संख्या उचलते, आणि लागली की नाही याचा निकाल तिथेच होतो. अलीकडच्या नेहमीच्या यंत्रात ही शक्यता ३१९ मध्ये एक असते. त्यानंतर पडद्यावर जे अर्धा मिनिट, एक मिनिट चालते, ते सारे नाटक आहे. पहिला आकडा थांबतो. दुसरा तोच येतो. याला म्हणतात 'रीच'. हा शब्द माहजोंग या खेळातून उचललेला. तिसरा आकडा रेंगाळतो, पुढे जातो, मागे येतो, संगीत चढते. निकाल मात्र केव्हाच लागून गेलेला असतो.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले तेव्हा धनुष्य कोण मोडणार हे साऱ्या प्रेक्षकांना ठाऊक होते, आणि तरीही ते बसून राहिले. पाचिंकोच्या नाटकात शेवट ठाऊक असतो तो फक्त यंत्राला. आणि यंत्राला स्मरण नाही. ३१९ वेळा चाके फिरल्यावर तरी एकदा लागायला हवे असे माणसाला वाटते. पण हिशेब करून पाहा, शंभरांतल्या जवळजवळ सदतीस जणांची पाटी तेव्हाही कोरीच राहते. मग खिळ्यांचे काम उरले किती? एवढेच, की १००० येनमध्ये मिळणाऱ्या २५० गोळ्यांत चाके किती वेळा फिरायची. अनुभवी खेळणारा पडद्याकडे पाहतच नाही. तो आकडा मोजतो. अठरा-वीस वेळा फिरली तर यंत्र बरे, बाराच वेळा फिरली तर उठा.

आता गेमकडे येतो. तोशिबा-ईएमआयचा 'पाचिकॉम' १९८५ मध्ये निन्तेन्दोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी निघाला. त्या यंत्राचा पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० उंच. एवढ्यात फळी मांडायची, खिळे मांडायचे, गोळ्या उडवायच्या! खिळा म्हणजे चारदोन ठिपके आणि गोळीही तेवढ्यातच. हा गेम मी पुण्यात, बाहेर पाऊस पडत असताना, दोन दुपारी खेळलो. गोळी खिळ्यावर आपटते ती पोलादासारखी नाही, पाण्यात पडलेल्या बुचासारखी. तरीही या गरीब गेमविषयी मला आदर आहे, कारण कर्त्यांनी मेहनत घेतली ती खिळ्यांवर. दाखवायला त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हतेच.

दोनच वर्षांनी कोकोनट्स जपानचा 'पाचिओ-कुन' आला. त्याचा नायक ही खुद्द पाचिंकोची गोळीच. तिला डोळे, हात, पाय. ही गोळी दुकानात जाते आणि यंत्रासमोर बसून आपल्याच भाऊबंदांना वर उडवते! मुलांना ते गोड वाटले असेल, आणि गेमच्या पुढे पुष्कळ आवृत्त्या निघाल्या. पण कल्पना नीट पाहिली तर अंगावर काटा येतो. जुगारी हाच नाणे झालेला आहे. अक्षसूक्ताच्या कवीला ही प्रतिमा सुचली असती तर त्याने सोडली नसती. गेमच्या कर्त्यांना ती सुचली, पण कळली नाही. त्यांनी ती गोंडसपणात बुडवली.

१९९० च्या दशकात तिसरी तऱ्हा आली आणि तिनेच बाजार व्यापला: 'जिक्कि सिम्युलेशन', म्हणजे खऱ्याखुऱ्या यंत्राची नक्कल. यंत्राचे नाव, चित्र, आवाज, शक्यता, सारे कंपनीच्या परवानगीने जसेच्या तसे. सुपर फॅमिकॉमवर सांक्योची यंत्रे १९९४ मध्येच येऊन गेली. प्लेस्टेशन आल्यावर तर या गेमची रांग लागली, आणि हातात धरायला खऱ्या मुठीसारखी मूठसुद्धा वेगळी मिळू लागली. हे गेम घेणारा अर्धा विद्यार्थी असे. दुकानात एखादे नवे यंत्र आले, की त्यात कोणते चित्र आले म्हणजे काय समजायचे, हे घरी फुकटात शिकायचे आणि मग खऱ्या यंत्रावर जाऊन बसायचे. दारूच्या दुकानाने घरोघरी रिकाम्या बाटल्या वाटाव्यात, म्हणजे गिऱ्हाइकाला बूच उघडायची सवय होईल, अशातला हा प्रकार. तसेच, घरी खेळून हौस भागली आणि पगार वाचला अशी माणसेही असणारच. हा वाद मी सोडून देतो. मला गेम पाहायचा आहे.

या गेममध्ये एक यादी असते. त्या यादीत काय नाही? यंत्राच्या पोटातली गुप्त शक्यता उघड पाहता येते. वेळ भराभर पुढे नेता येतो. रीच हवा तेव्हा घडवून आणता येतो. मूठ एका कोनात कायमची अडकवून, उठून चहा करून येता येते, आणि परत येईपर्यंत गेम आपला आपण खेळत असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे, खिळे वाकवता येतात. कुगिशिची हातोडी खेळणाऱ्याच्या हाती दिलेली असते.

मी पहिल्या संध्याकाळी अर्थातच जीवखिळे होते नव्हते तेवढे रुंद केले. गोळ्या बेंबीत धो धो पडू लागल्या, चाके थांबेनात, आणि जेवणाची हाक येईपर्यंत मी लक्षाधीश झालो. दुसऱ्या संध्याकाळी मी तेच खिळे आपल्या हाताने आवळले. पुढे आणखी आवळले. ज्या अंतराला गोळी चारदा आपटून एकदा आत जाई, तिथे आणून ठेवले, आणि मगच खेळात मन लागले. मी दुकानाचा मालक झालो आणि गिऱ्हाइकाला लुबाडू लागलो. गिऱ्हाईकही मीच होतो. माझ्या भाच्यालाही मी हा गेम दिला, काही न सांगता. त्यानेही आधी खिळे सैल केले आणि मग आवळले. दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये हे मला समजते, पण टीकाकाराला पुष्कळदा एकाच वाचकावर, म्हणजे स्वतःवर, भागवावे लागते.

यावरून मला वाटते ते असे. पैसा काढून घेतला की खेळाला अडवणारे काहीतरी लागते. दुकानात ते काम पैसा करतो. प्रत्येक गोळी चार येनांची असल्यामुळे तिचे चुकणे बोचते. घरी ते काम खिळ्यांनीच करायला हवे. मर्ढेकरांनी कलाकृतीत संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयी पाहिल्या. गोळीच्या पडण्यात विरोधाची लय आहे, आणि ती खिळ्यावाचून निर्माण होत नाही. तेव्हा असा गेम जोखायचा तो त्याच्या खिळ्यांवरून: गोळी खिळ्यावर आपटली हे डोळ्यांना, कानांना आणि मनाला पटते का?

या कसोटीला बहुतेक 'जिक्कि' गेम उतरत नाहीत. कर्त्यांनी सारी शक्ती ओतली आहे ती पडद्याच्या आतल्या पडद्यावर. साहजिकच आहे, कारण त्या भागाची नक्कल करण्यात कष्ट नाहीत. जे मुळातच चित्र होते ते उचलून दुसऱ्या चित्रात ठेवायचे. खऱ्या यंत्रातला पडदा आणि गेममधला पडदा यांत फरकच नाही. तेच आकडे, तीच संख्या उचलण्याची करामत. 'नव्या युगाचे इव्हांगेलिऑन' ही हिदेआकि आन्नोची १९९५ ची चित्रमालिका २००४ मध्ये पाचिंकोच्या यंत्रात शिरली आणि तिथून पुन्हा घरच्या गेममध्ये आली. मूळ मालिकेत एका मुलाच्या मनाची तडफड होती. यंत्रात ती तडफड तिसरा आकडा जुळेल की नाही याची झाली. घरच्या गेममध्ये पैसेही गेले. एका दुःखाची ही तिसरी कार्बन-प्रत. अक्षरे दिसतात, दाब जाणवत नाही.

सान्यो कंपनीच्या 'उमि मोनोगातारि' या यंत्राविषयी मात्र मी वेगळे बोलेन. नावाचा अर्थ समुद्राची गोष्ट. पडद्यावर मासे, कासव, खेकडा, शार्क अशी समुद्रातली मंडळी आकडे घेऊन संथपणे पोहत जातात. बाकी काही नाही. आणि कधीतरी, ध्यानीमनी नसताना, माशांचा एक थवा पडद्यावरून आडवा निघून जातो. तो गेला, म्हणजे लागण्याचा संभव फार मोठा. पण खात्री नाही! नागोयाला मी काही दिवस होतो तेव्हा दुकानात हे यंत्र पाहिले. सत्तरीच्या पुढची एक बाई त्यापुढे बसली होती. थवा गेला तेव्हा तिने मुठीवरचा हात किंचित सैल केला, एवढेच. इतक्या कमी साधनांत इतकी उत्कंठा साधणे हे मला उत्तम लघुकथेचे लक्षण वाटते. घरच्या गेममध्येही तो थवा येतो आणि तिथेही, पैसा नसताना, छातीत काहीतरी हलते. माझी कसोटी इथे थोडी लंगडी पडते हे मी नाकारत नाही. चांगले चित्र असले की तेही अडवू शकते.

याच यंत्रांवर आयरेम कंपनीने १९९८ पासून 'सान्यो पाचिंको पॅराडाइज' ही मालिका काढली. पुढच्या भागांत तिने एक धीट गोष्ट केली. नुसते यंत्र मांडण्याऐवजी यंत्राभोवतीचे शहर मांडले. पाचिंकोवर पोट भरू पाहणारा एक तरुण, त्याचे हिंडणे, त्याला भेटणारी माणसे. पैसा खोटा, पण त्या तरुणाच्या दृष्टीने खरा. गेममध्ये हरलो तर माझे काही जात नाही, त्याचे जाते. नाटक-कादंबरीने हजारो वर्षे जे केले तेच हे. दुसऱ्याचे नुकसान आपल्याला लागावे. कारागिरी ओबडधोबड आहे, विनोद पुष्कळदा बाष्कळ आहे. तरी पैसा काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवायचे या प्रश्नाला दिलेले हे पहिले प्रामाणिक उत्तर आहे, आणि साऱ्या रांगेतून एक गेम निवडायला सांगितला तर मी यातला निवडीन.

दुसरे उत्तर जपानबाहेरून आले. अमेरिकेतल्या पॉपकॅप कंपनीने २००७ मध्ये 'पेगल' काढला. पाचिंकोवरून सुचलेला, पण नक्कल नव्हे. शंभरेक खुंट्या, त्यांतल्या पंचवीस नारिंगी. दहा चेंडूंत त्या साऱ्या पाडायच्या. आकडे नाहीत, चाके नाहीत, चिठ्ठी उचलणे नाही. प्रत्येक चेंडू नेम धरून स्वतः सोडायचा. बार्तचा तो पुसता न येणारा फटका इथे परत आला, आणि शेवटची खुंटी पडली की बीथोव्हेनचे आनंदगीत वाजते. खुंटीवर आपटण्याचा आवाज दर टप्प्याला चढत जातो; कानाला तो जलतरंगासारखा लागतो. माझ्या कसोटीला हा गेम पुरेपूर उतरायला हवा होता. पण चेंडू वाया जाण्याच्या बेतात असताना त्याची उडी कधी कधी खेळणाऱ्याच्या बाजूने किंचित वळवली जाते, हे त्याच्या कर्त्यांनीच सांगितलेले आहे. कुगिशि इथेही आहे तर! फक्त तो रात्री येण्याऐवजी चेंडू हवेत असताना येतो, आणि लुबाडण्याऐवजी लाड करतो. जपानी दुकानातल्या हातोडीपेक्षा मला ही मऊ हातोडी अधिक खटकते. निष्ठुर खिळ्याशी माणूस झगडू शकतो. लाडावणाऱ्या खिळ्याशी कसे झगडणार? तो झगडा आहे हेच कळत नाही.

मोबाइलवरच्या पाचिंकोविषयी दोनच वाक्ये लिहितो, कारण त्याहून अधिक लिहावे असे त्यात नाही. त्यांतल्या पुष्कळांत खेळायच्या गोळ्या संपल्या की खऱ्या पैशाने घ्याव्या लागतात, आणि जिंकलेल्या गोळ्यांचे पैसे मात्र कोणत्याही खिडकीत मिळत नाहीत. आमच्या घरातून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर इथे अगदी सोपे आहे: काही मिळत नाही, फक्त जाते. जुगारातून पैसा काढणे निराळे आणि जुगारातून जिंकणे तेवढे काढणे निराळे.

या साऱ्या नकला होत असताना मूळ यंत्र कुठे उभे होते? १९९५ च्या सुमारास जपानात पाचिंकोची अठरा हजारांवर दुकाने होती; २०२४ अखेर ती सात हजारांच्या खाली आली. खिळ्यांवरची हातोडीही आता उजळ माथ्याने चालवता येत नाही. तपासणीनंतर खिळे वाकवणे म्हणजे यंत्रात फेरफार करणे, असे पोलिसांनी २०१५ च्या सुमारास बजावले. आणि एप्रिल २०२३ पासून दुकानांत नवी यंत्रे येऊ लागली, त्यांना तिथे 'स्मार्ट पाचिंको' म्हणतात. त्यांत गोळ्या यंत्राच्या आत बंदिस्त असतात आणि आतल्या आतच फिरतात. खेळणाऱ्याचा हात गोळीला लागत नाही. खाली ताटली नाही, पायाशी गोळ्यांनी भरलेली खोकी नाहीत. किती जिंकलो हे एका आकड्यात दिसते आणि तो आकडा एका कार्डावर चढतो. साडेपाच ग्रॅमचे वजन गेले. गोळी खरी आहे, खिळे खरे आहेत, पण काचेपलीकडे. गेममध्ये ती जशी होती तशीच.

माझ्याजवळच्या त्या जुन्या 'जिक्कि' गेममध्ये, कोणी मागितलेले नसताना, कर्त्यांनी ताटली काढून ठेवली आहे. ती भरत आली की खालचा खटका दाबून गोळ्या खोक्यात सोडाव्या लागतात, नाही तर यंत्र अडते. खटका दाबला की आवाज येतो, आणि या एका आवाजावर मात्र कोणीतरी खरोखर मेहनत घेतलेली आहे.